टार्गेट कुणाचं?



दुपारची ड्यूटी उरकून कपडेही न बदलता आलेल्या मुली मागच्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना माझा वेगळा नमस्कार. डोळा लागला तरी चालेल, मी मनावर घेणार नाही.

ज्या सिस्टरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो, त्यांच्याविषयी माझ्या आधीच्या वक्त्यांनी पुष्कळ सांगितलं आहे. मी त्यांच्या कामाची एकच बाजू घेणार आहे: पेशंटशी बोलणं, आणि बोलून काहीतरी ठरवणं. म्हणाल, यात काय विशेष? बोलतात तर सगळेच. पण ठरवतं कोण? साखर किती खाली आणायची, ऑपरेशन करायचं की थांबायचं, कुठलं काम सोडायचं आणि कुठलं सोडता येणार नाही, हे कोण ठरवतं? डॉक्टर? जिल्हा आरोग्य अधिकारी? मुंबईहून येणारं परिपत्रक? की समोर स्टुलावर बसलेली बाई?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत वाट बघायला नको. उपचाराचं उद्दिष्ट पेशंटच्या तोंडून निघालेलं नसेल, तर ते पाळलं जात नाही. ते केसपेपरवर राहतं, पोर्टलवर राहतं, पेशंटच्या घरी पोचत नाही. आणि ते पेशंटच्या तोंडून काढून घेण्याची सगळ्यांत चांगली संधी आपल्या व्यवस्थेत नर्सला आहे. संधी आहे म्हटलं मी. मोकळीक आहे असं म्हटलेलं नाही.

आधी थोडा इतिहास. १९६५ साली अमेरिकेत, कोलोरॅडो विद्यापीठात, लॉरेटा फोर्ड नावाच्या सार्वजनिक आरोग्य परिचारिकेनं आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांनी मिळून एक अभ्यासक्रम सुरू केला. खेड्यापाड्यांत मुलांना डॉक्टर मिळत नव्हते, नर्स मात्र होत्या. मग त्याच नर्सला आणखी शिकवून तपासणीची आणि उपचाराची जबाबदारी का देऊ नये? तिथून ‘नर्स प्रॅक्टिशनर’ हा वर्ग उभा राहिला. आज अमेरिकेतल्या कितीतरी राज्यांत या परिचारिका स्वतः तपासतात, निदान करतात, औषध लिहून देतात. फोर्डबाई २०२५ च्या जानेवारीत, वयाच्या १०४ व्या वर्षी गेल्या. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत ती बातमी मला तरी दिसली नाही. असो.

या नर्सांना जमतं का, अशी शंका तिथल्या डॉक्टरांनीही घेतली होती. न्यूयॉर्कमध्ये तेराशेहून अधिक रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी केली: काही नर्स प्रॅक्टिशनरकडे, काही डॉक्टरांकडे. दोघांच्या हातात अधिकार सारखेच होते. सहा महिन्यांनी पाहिलं तर रुग्णांच्या तब्येतीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यावरून ‘नर्स डॉक्टरइतकीच चांगली’ अशी घोषणा करायला लोकांना आवडतं. मला त्या चढाओढीत रस नाही. मला त्यातलं एकच वाक्य महत्त्वाचं वाटतं: अधिकार सारखेच होते.

आपल्याकडे काय आहे? अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. २०१८ मध्ये प्रसूतिसेवेसाठी अठरा महिन्यांच्या प्रशिक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं निघाली. पण गावात जी भेटते ती समुदाय आरोग्य अधिकारी, आपली सीएचओ. २०१८ पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं झाली, पुढे त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणू लागले, आणि तिथं सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती बसू लागली. कुणी बीएस्सी नर्सिंग, कुणी जीएनएम, महाराष्ट्रात बरेच जण बीएएमएससुद्धा. समोर काही बीएएमएस मंडळी दिसतायत. मी ‘नर्स’ म्हणेन तेव्हा त्यांनी स्वतःला त्यात धरावं, रागावू नये. सपाटीवर पाच हजार आणि आदिवासी-डोंगरी भागात तीन हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र, असा हिशेब. सीएचओला बीपी-शुगर तपासता येतं, ठरलेली औषधं देता येतात, पण डोस बदलायचा तर ई-संजीवनी या दूरसल्ल्याच्या सेवेवर डॉक्टरांना विचारावं लागतं. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात मधल्या फळीच्या आरोग्यसेवकांना मर्यादित परवाना देण्याचं कलम आलं, तेव्हा देशभर डॉक्टर रस्त्यावर उतरले होते. थोडक्यात, आपली सीएचओ म्हणजे फोर्डबाईंची नर्स प्रॅक्टिशनर नव्हे. पण पेशंटच्या समोर ती बसते, आणि त्याचं घर तिला ठाऊक असतं.

आता मी जरा अडचणीच्या जागी येते.

आपल्या आरोग्य खात्यात ‘टार्गेट’ म्हटलं की जुन्या सिस्टरांच्या पोटात आजही गोळा येतो. का येतो ते नव्या मुलींना कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. १९६६ पासून तीस वर्षं आपल्या देशात कुटुंबनियोजनाची उद्दिष्टं वरून खाली यायची. दिल्लीहून राज्याला, राज्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून पीएचसीला, आणि शेवटी उपकेंद्रातल्या नर्सच्या, एका एएनएमच्या डोक्यावर: या वर्षी इतक्या केसेस. केस म्हणजे नसबंदीला तयार झालेलं माणूस. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. आपला महाराष्ट्र त्यात मागे नव्हता. तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक १९७६ मध्ये आपल्याच विधिमंडळानं मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची मोहोर त्यावर उमटली नाही, म्हणून वाचलो. पुरोगामी महाराष्ट्र म्हणताना हेही आठवावं.

आणीबाणी संपली, पण टार्गेट संपलं नाही. ते १९९६ च्या एप्रिलमध्ये गेलं. मधली वर्षं माझ्या पिढीनं काढली आहेत. मार्च एंड आला की सायकली निघायच्या. दोन मुलांच्या आईच्या दारात एएनएम उभी राहायची, आणि आई मागच्या दारानं शेतात जायची. पोराला गोवराची लस द्यायला गेलं तरी म्हातारी दारातूनच सांगायची, ‘सून माहेराला गेलीया.’ सून तिच्या पाठीमागे चुलीपाशी बसलेली दिसायची. त्या म्हातारीची काय चूक? आमच्या हातातल्या वहीत तिच्या सुनेसाठी काय लिहिलंय, हे तिला बरोबर कळलेलं होतं. एका वरिष्ठांनी बैठकीत सगळ्यांसमोर माझा आकडा वाचून पगार अडवायची भाषा केली होती, त्यांचं नाव सांगण्यात आता अर्थ नाही. त्यांच्याही वरून कुणीतरी तेच करत होतं.

हा इतिहास मी का उगाळते? कारण आज आपण पुन्हा आकड्यांच्या काळात आलो आहोत. तीस वर्षांवरच्या किती जणांची तपासणी झाली, किती बीपीवाले, किती शुगरवाले, किती ‘कंट्रोल’मध्ये. सीएचओच्या मानधनाचा एक भाग तर कामगिरीच्या आकड्यांवर मिळतो. हे आकडे वाईट आहेत असं मी म्हणत नाही. मधुमेहाचा पेशंट शोधून काढणं आणि जबरदस्तीची नसबंदी यांची तुलना कुणी करू नये, मीही करत नाही. पण पेशंट आकडा बघत नाही. पेशंट बघतो तो सिस्टरचा चेहरा: ही माझ्यासाठी विचारतेय की वहीसाठी? हे खेड्यातल्या अडाणी बाईला सुद्धा पहिल्या मिनिटात कळतं. पहिल्या मिनिटात!

आणि मिनिटावरून आठवलं. १९८४ साली अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल या दोघांनी डॉक्टर-पेशंटचे संवाद टेपवर घेतले. पेशंट बोलायला लागल्यापासून डॉक्टर त्याला तोडेपर्यंत सरासरी किती वेळ जातो? अठरा सेकंद. हा आकडा वैद्यकीय शिक्षणात पुढे फार गाजला. पण त्याचा जोडीदार आकडा कुणी सांगत नाही. स्वित्झर्लंडमध्ये काही डॉक्टरांना सांगितलं, पेशंटला तोडू नका, तो आपणहून थांबेपर्यंत ऐका. पेशंट किती बोलले असतील? अर्धा तास? सरासरी दीड मिनिट! दहांतले जवळजवळ आठ जण दोन मिनिटांच्या आत थांबले. म्हणजे आपण ज्याची भीती घेतो, की एकदा बोलायला दिलं तर बाई सासूपासून सुरुवात करेल, ती भीती बरीचशी खोटी आहे. करेलही सासूपासून सुरुवात. पण कधीकधी आजार तिथंच असतो.

अर्थात, दोन मिनिटं ही आपल्याकडे चैन आहे, हे मी विसरलेले नाही. जगभरच्या पाहण्या एकत्र करून कुणी हिशेब मांडला, तेव्हा स्वीडनमध्ये एका पेशंटला बावीस मिनिटं मिळत होती, बांगलादेशात अठ्ठेचाळीस सेकंद. आपण कुठल्या टोकाला आहोत, ते या सभागृहात वेगळं सांगायला नको.

आता एक उदाहरण जरा सावकाश बघू. हे एका बाईचं नाही. मी शिकवत असताना अनेकींचं मिळून तयार केलेलं, वर्गात वापरायचे. ठिकाण बीड जिल्ह्यातलं एखादं उपकेंद्र. महिना सप्टेंबर. बाई पन्नाशीची, नवऱ्याबरोबर दरवर्षी ऊसतोडीला जाते. नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवाळीच्या आसपास मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन निघायचं, ते चार-पाच महिन्यांनी परत. मशीनवर शुगर आली २८०.

पहिला प्रकार. सिस्टर विचारते, ‘मावशी, गोळ्या चालू आहेत का?’ मावशी म्हणते, ‘हाय की.’ ‘मग एवढी कशी वाढली? गोड खाता ना?’ ‘न्हाई ओ.’ ‘चहात साखर?’ मावशी गप्प. ‘साखर बंद करा. रोज चालत जा. महिन्यानं या.’ चालत जा! उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरणाऱ्या बाईला! पण नोंद झाली, सल्ला दिला, गोळ्या दिल्या. रजिस्टर चोख.

दुसरा प्रकार. सिस्टर मशीन बाजूला ठेवते आणि म्हणते, ‘मावशी, मागच्या सिझनला फडात होता तेव्हाचं सांगा. उठल्यापासून सांगा.’ आणि मग गप्प बसते. मावशी सांगते, ‘पाटं तीनला उठते. भाकऱ्या थापते, बांधून घेते. गोळी घेते नि फडात जाते. नऊ-धाला भाकर खायची. पर त्याच्या आधीच हातपाय थरथर करत्यात, घाम सुटतो, गरगरतं. बसले की मुकादम वरडतो. मंग मी कामाच्या दिशी गोळीच सोडून दिली.’ थोडा वेळ थांबून, आवाज खाली आणून ती म्हणते, ‘एक सांगू का? गरगरलं की उसाचं कांडं चघळते. मग बरं वाटतं. पर तुम्ही गोड बंद सांगितलंय ना.’

बघा, काय झालं. पहाटे तीनला उपाशीपोटी गोळी, आणि पहिला घास सहा तासांनी, मधे हाडं मोडणारं काम. साखर खाली जाणारच. तिचं शरीर बरोबर सांगत होतं, तिचा उपायही बरोबर होता. साखर उतरली असताना कांडं चघळणं हाच त्या फडातला उपचार. पण तो तिनं चोरून केला, कारण आपण तिला अपराधी करून ठेवलं होतं. जिला आपण ‘औषध न घेणारी पेशंट’ म्हणून लाल शाईनं लिहितो, तिनं खरं तर विचार करून औषध सोडलं होतं.

आता सिस्टर विचारते, ‘या सिझनला तुम्हाला काय व्हायला हवं?’ मावशी काय म्हणेल? ‘माझी तीन महिन्यांची साखर सातच्या खाली यावी’? ती म्हणते, ‘फडात गरगरू नये. खाडा पडू नये.’ खाडा म्हणजे न भरलेला दिवस. त्याचा दंड मुकादम उचलीतून कापतो, दिवसाला पाचशे रुपये, कधी त्याहून जास्त. तिच्या सगळ्या आजाराचं गणित त्या खाड्यात आहे.

हे उद्दिष्ट आणि सरकारी उद्दिष्ट एकमेकांच्या विरुद्ध आहेत का? मुळीच नाही. गरगरणं थांबलं तर ती गोळी घेईल, आणि गोळी घेतली तर आकडा उतरेल. पण रस्ता तिच्या बाजूनं जातो. सिस्टर तिथंच ई-संजीवनीवर डॉक्टरांना गाठते आणि पहाटे तीनचं, नऊच्या भाकरीचं, थरथरीचं सगळं सांगते. डॉक्टर गोळी किंवा तिची वेळ बदलतात. मग दोघी मिळून ठरवतात: निघण्याआधी अर्धी भाकरी पोटात गेल्याशिवाय गोळी नाही. कनवटीला गुळाचा खडा. थरथरलं तर कांडं चघळायचं, उघडपणे. कारखान्याजवळचं सरकारी केंद्र कोणतं ते फोन करून विचारून कार्डावर लिहायचं, आणि गोळीच्या रिकाम्या पाकिटाचा फोटो लेकाच्या मोबाइलमध्ये ठेवायचा. शेवटी सिस्टर विचारते, ‘यातलं रुपयात किती आणे जमेल?’ मावशी म्हणते, ‘बारा आणे.’ आणि इथं नवी नर्स हमखास घसरते. ती विचारते, ‘सोळा का नाही?’ की बाई अडचणींचा पाढा वाचू लागते. अनुभवी नर्स विचारते, ‘बारा म्हणालात, आठ का नाही म्हणालात?’ मग बाई स्वतःच सांगू लागते की तिला का जमेल. नवऱ्याला बीपी आहे, तोही गोळी घेतो, दोघं एकदमच घेतील. ही युक्ती माझी नाही. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करणाऱ्या मिलर आणि रॉलनिक यांनी या पद्धतीचं शास्त्र केलं. फक्त आणे आपले.

आता समोरचे डॉक्टर म्हणतील, बाई, हे ठीक आहे, पण विज्ञानाचं काय? आकडा तर आकडाच. म्हणून आकड्याचीही गोष्ट ऐका. अमेरिका आणि कॅनडात मधुमेहाच्या दहा हजारांहून अधिक रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला. एका गटाची तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी, सहाच्या खाली आणायचा जोरदार प्रयत्न केला. व्हायला हवा होता फायदा. झालं काय? त्या गटात मृत्यू जास्त होऊ लागले. २००८ मध्ये तो भाग मुदतीआधी थांबवावा लागला. तेव्हापासून मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की सर्वसाधारणपणे सातच्या खाली, पण वय झालेलं असेल, सोबत बरेच आजार असतील, साखर एकदम उतरण्याचा धोका असेल तर आठच्या खालीही चालेल. म्हणजे खुद्द विज्ञानच म्हणतंय की उद्दिष्ट माणूस पाहून ठरवा. माणूस पाहायचा म्हणजे काय करायचं? त्याला विचारायचं. मावशीच्या पहाटे तीनची बातमी कुठल्या रक्ततपासणीत येणार होती?

याच बीड जिल्ह्यात न विचारण्याची किंमत किती झाली, तेही सांगायला हवं. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये ओरड झाली, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून जास्त स्त्रियांची गर्भाशयं काढलेली निघाली. तेरा हजार! कित्येक चाळिशीच्या आतल्या. तक्रारी काय होत्या? अंगावरून पांढरं जाणं, पोट दुखणं, पाळीत जास्त रक्त जाणं. यांतल्या बहुतेक तक्रारींना आधी करून बघण्यासारखे साधे उपाय असतात. पण अनेकींनी सांगितलं की त्यांना कॅन्सरची भीती घातली गेली: पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. या बायका भोळ्या होत्या, त्यांना फसवलं, एवढंच म्हणून सोडून देणं सोपं आहे. फसवलंच, त्याबद्दल वाद नाही. पण बाईलाही काहीतरी हवं होतं. फडात ना पाणी, ना आडोसा, पाळीच्या दिवसांत मोळ्या वाहायच्या, आणि बसलं तर खाडा. पाळीच नको, असं तिला वाटलं तर त्यात वेडेपणा काय? तिची ही अडचण खासगी दवाखान्यानं ऐकली आणि स्वतःच्या सोयीचं उत्तर दिलं. आपण ती ऐकलीच नाही. सरकारी उपकेंद्रातल्या सिस्टरनं तिला आधी विचारलं असतं, ‘तुम्हाला नेमका त्रास कशाचा होतो, आजाराचा की खाड्याचा?’ तर? तर तिला तीन गोष्टी कळायला हव्या होत्या: हा आजार नेमका काय आहे, त्यावर काय काय करता येतं, आणि थांबलो तर काय होईल. अंडाशयंही काढली तर तिशी-पस्तिशीत पाळी जाण्याचे परिणाम हाडांवर कसे होतात, तेही. एवढं कळून मग तिनं ऑपरेशन निवडलं असतं, तर तो तिचा निर्णय होता. पुढे त्या जिल्ह्यात खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. चांगलंच झालं. पण एक सही वाढली. बाईशी कुणी बोललं का? मुकादमाशी कुणी बोललं का?

पेशंटला विचारून ठरवायचं हे नवं खूळ आहे असं कुणाला वाटत असेल, तर आपल्याच राज्यात बघा. बीडच्या शेजारी जामखेड. १९७० मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य तिथं गेलं. लोकांना दवाखान्याच्या आधी अन्न आणि पाणी हवं होतं, दुष्काळ तोंडावर होता. त्यांनी तिथूनच सुरुवात केली, आणि पुढे गावोगावच्या, बऱ्याचशा निरक्षर बायकांना आरोग्यसेविका केलं. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी आदिवासींना विचारलं, तुमचा दवाखाना कसा हवा? लोकांना मोठ्या इमारतीची भीती वाटत होती, नातेवाइकांना जवळ राहता येत नव्हतं. म्हणून बंग दांपत्याच्या शोधग्रामचा दवाखाना झोपड्यांच्या वस्तीसारखा उभा राहिला आणि त्याला नाव मिळालं आदिवासींच्या देवीचं, माँ दंतेश्वरी. ही उदाहरणं सगळ्यांना पाठ आहेत, पुरस्कारही मिळालेत. मग आपल्या उपकेंद्राच्या बांधकामाआधी गावातल्या एका तरी बाईला विचारलं जातं का, की तपासणीच्या खोलीला पडदा कुठल्या बाजूनं हवा?

पडदा म्हणजे किरकोळ गोष्ट नव्हे. एकाच खोलीत फ्रिज, लसींचा डबा, कॉम्प्युटर, आशाताई, आणि दाराशी चार पुरुष उभे, अशा जागी कोणती बाई अंगावरून पांढरं जातं म्हणून सांगेल? नवरा सोबत असेल तर बाईचं उत्तर नवराच देतो. सासू असेल तर सासू. तिथं नर्सनं युक्तीनं म्हणावं, ‘काका, जरा बाहेर वजनकाटा आहे, तुमचं वजन करून घ्या, आशाताई, यांना घेऊन जा.’ काका खूश, बाई मोकळी. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, पण मागच्या रांगेतल्या मुलींनी लिहून घ्यायला हरकत नाही.

आणखी एक सवय. आपण सगळं सांगून झाल्यावर विचारतो, ‘कळलं ना?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणारा पेशंट मी पाहिलेला नाही. तुम्ही पाहिलाय? संशोधक म्हणतात की दवाखान्यात सांगितलेल्या गोष्टींपैकी चाळीस ते ऐंशी टक्के पेशंट लगेच विसरतात. तेव्हा ‘कळलं ना’ ऐवजी म्हणावं, ‘घरी सूनबाईनं विचारलं, सिस्टर काय म्हणाल्या, तर काय सांगाल?’ मग आपण काय बोललो आणि काय पोचलं, हे आपल्यालाच ऐकू येतं. पुष्कळदा कान धरावे लागतात, पेशंटचे नव्हे, आपले.

आता ज्यांच्या हातात काही आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. जिल्हा परिषदेचे अधिकारी आले आहेत, म्हणून त्यांच्यासमोरच. सीएचओच्या कामाचा दिवस नोंदी भरण्यात जातो. एकच माहिती कागदावर, मग पोर्टलवर, मग दुसऱ्या पोर्टलवर, मग व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो. नेट नसलं की रात्री घरून. या मुलींना संवादकौशल्याचं प्रशिक्षण देण्याआधी त्यांचा अर्धा तास मोकळा करून द्या. कौशल्य बऱ्याच जणींकडे आहे, वेळ कुणाकडेच नाही. दुसरं, कंत्राट आणि बदल्या. पेशंटशी मिळून काही ठरवायचं, तर पुढच्या भेटीला तीच सिस्टर असायला हवी ना? दरवर्षी माणूस बदललं की मावशीनं पहाटे तीनची हकीकत पुन्हा पहिल्यापासून कुणाला सांगायची?

आणि एक अगदी छोटी मागणी. बीपी-शुगरच्या पेशंटला आपण जे कार्ड देतो, त्यावर आकड्यांचे रकाने असतात. पुढच्या छपाईत त्यावर एक ओळ घाला: ‘पेशंटला काय व्हायला हवं आहे, त्याच्या शब्दांत.’ छपाईचा खर्च वाढत नाही. तिथं सिस्टर लिहील, ‘फडात गरगरू नये.’ कुणी लिहील, ‘नातवाला उचलून घेता यावं.’ कुणाला काहीच सांगता येणार नाही, मग तेही लिहावं. आणि ही ओळ पोर्टलवर चढवू नका, नाहीतर तिचंही टार्गेट होईल, आणि मार्च एंडला सगळ्या कार्डांवर एकाच हस्ताक्षरात ‘शुगर कंट्रोल व्हावी’ असं लिहिलेलं सापडेल. फक्त महिन्याच्या आढावा बैठकीत वैद्यकीय अधिकाऱ्यांनी चार कार्डं हातात घ्यावीत आणि एवढंच विचारावं की या महिन्यात कुणाची ओळ बदलली. कारण गरगरणं थांबलं की मावशी पुढची मागणी सांगते, तळपायाची आग म्हणते, डोळ्यांपुढं अंधारी येते म्हणते. सहा महिने एखादी ओळ तीच राहिली, तर मावशीला पुन्हा कुणी विचारलं नाही असं समजावं आणि त्या उपकेंद्राला एक चक्कर मारावी. जाताना गाडी थोडी अलीकडे थांबवून चालत जावं, म्हणजे ओपीडी नेहमीसारखी चाललेली बघायला मिळेल.